उभे राहण्याची जागा

शाळेच्या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी काही लिहावे असा निरोप आला, तोवर बहुतेक विषय वाटून झाले होते. कोणी पहाटेच्या घंटेवर लिहिणार होते, कोणी भोजनगृहावर, कोणी ग्रंथालयावर, तर कोणी पहिल्या दिवशी फाटकाशी डोळे पुसत परत गेलेल्या आईवर. आमच्या वाट्याला मैदान आले. आम्ही म्हणजे शाळेच्या बास्केटबॉल संघातून निरनिराळ्या वर्षी खेळलेले चौघे. आमच्यापैकी दोघे आज शालेय सामन्यांत पंच म्हणून उभे राहतात, एक जण शिक्षक आहे आणि एक जण बँकेत नोकरीस आहे. मिळवलेल्या चषकांची यादी देणे सोपे होते; पण ते कार्यालयातल्या काचेच्या कपाटात आहेत आणि त्यांवर सालेही कोरलेली आहेत. आम्हांस लिहायचे आहे ते या मैदानाने आमच्यापुढे टाकलेल्या एका प्रश्नाविषयी. शरीराने मोठा आणि शरीराने लहान असे दोन खेळाडू एकमेकांवर आदळले, तर फाऊल कोणाचा?

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही, त्यांस हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु शालेय स्पर्धा पाहिलेल्या प्रत्येक पालकास तो ओळखीचा असेल. कुस्तीत आणि मुष्टियुद्धात वजनगट असतात. बास्केटबॉलमध्ये मात्र 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे वयाचेच गट आहेत. उंची आणि वजन कोणी विचारीत नाही. तेरा-चौदा वर्षांचे वय मोठे विलक्षण. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांपैकी एकास मिसरूड फुटलेली असते आणि दुसऱ्याचा आवाजही अजून बदललेला नसतो. एक पाच फूट दहा इंच, दुसरा जेमतेम साडेचार फूट. जन्मसाल एक, इयत्ता एक, पण रिंगखाली दोघे समोरासमोर आले की मामा-भाच्याची जोडी वाटावी.

अशा दोघांची धडक झाली की लहान मुलगा पडतो. मोठा जागच्या जागी उभा असतो. प्रेक्षकांतून एकदम आवाज उठतो, “अहो, केवढा तो आणि केवढा हा!” त्या आवाजात दुष्टावा नसतो, माया असते. पडलेल्याविषयी कळवळा वाटणे हा माणसाचा चांगलाच गुण म्हणावा लागेल. परंतु तो कळवळा शिट्टीत उतरला, की उभ्या असलेल्या मुलाच्या नावापुढे टेबलावर एक फाऊल लिहिला जातो. असे पाच लिहिले गेले की तो त्या सामन्यातून बाहेर. न केलेल्या गोष्टीची शिक्षा भोगत तो बाकावर येऊन बसतो, आणि मैदानावर सारे सुरळीत चालू राहते. आमच्या मते या खेळातला खरा पेच येथेच आहे.

हा खेळ जन्मला तोच मुळी शरीराच्या दांडगाईला आवर घालण्यासाठी. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ नावाचे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. 1891 च्या डिसेंबरात, बाहेर बर्फ पडत असता, व्यायामशाळेच्या चार भिंतींच्या आत खेळता येईल असा एक खेळ त्यांस बेतायचा होता. मैदानावरचे धसमुसळे खेळ आत आणले तर लाकडी जमिनीवर हाडे मोडणार, हे उघड होते. म्हणून चेंडू हातात घेऊन पळण्यास त्यांनी मनाई केली. पळणाराच नसेल तर त्याला पाडण्याचे कारण उरत नाही. लक्ष्य त्यांनी डोक्याच्या वर, आडव्या तोंडाचे ठेवले. पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून रिंग आजही दहा फुटांवर आहे. चेंडू कमानीने अलगद सोडावा लागतो, तेथे नुसते बळ कामास येत नाही. त्यांनी लिहिलेल्या मूळ तेरा नियमांपैकी पाचवा असा की प्रतिस्पर्ध्यास खांद्याने रेटणे, धरणे, ढकलणे, पाय घालून पाडणे किंवा मारणे चालणार नाही. पहिल्या वेळी तो फाऊल; दुसऱ्या वेळी पुढचा गोल होईपर्यंत खेळाडू बाहेर. या नियमात उंचीचा वा वजनाचा उल्लेख नाही. त्यात आहेत ती केवळ क्रियापदे.

पुढे उंच माणसे या खेळात आली आणि उंचीमुळे काही अडचणी खरोखरच उभ्या राहिल्या. सहा फूट दहा इंच उंचीचे जॉर्ज मायकन आणि सात फुटी बॉब कर्लंड हे महाविद्यालयीन सामन्यांत रिंगपाशी उभे राहून आत पडू पाहणारा चेंडू वरच्या वर अडवीत. तेव्हा 1944 मध्ये तेथील महाविद्यालयीन खेळात, खाली उतरू लागलेल्या चेंडूला रिंगपाशी हात लावण्यास बंदी आली. मायकन व्यावसायिक खेळात गेल्यावर 1951 मध्ये रिंगखालचा आखीव पट्टा सहा फुटांवरून बारा फूट रुंद केला गेला, आणि विल्ट चेंबरलेन यांच्या काळात, 1964 मध्ये, तो सोळा फूट झाला. या बदलांत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. उंचीवर उपाय शोधताना नियमकर्त्यांनी जमिनीवरच्या रेषा हलवल्या, चेंडूचा नियम बदलला; आणि जे बदलले ते सर्वांसाठी बदलले. उंच माणसाचा धक्का जड आणि बुटक्याचा हलका, असा भेद त्यांनी फाऊलच्या नियमात आणला नाही.

आपल्याकडील शालेय सामने ज्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या, नियमांनी खेळले जातात, त्यांत संपर्काविषयी एक फार सुंदर कल्पना आहे. तिला सिलिंडरचे तत्त्व म्हणतात. प्रत्येक खेळाडूभोवती न दिसणारे एक नळकांडे आहे असे समजावे. पुढे तळहातांपर्यंत, मागे नितंबांपर्यंत, बाजूंना हातापायांच्या बाहेरच्या कडांपर्यंत, आणि त्याच्या डोक्यावर जी पोकळी आहे तीही त्याचीच. या जागेत तो सरळ उभा राहू शकतो, हात वर करू शकतो, सरळ वर उडी मारू शकतो. तेथे येऊन कोणी आदळले तर जबाबदारी येणाऱ्याची. त्याने स्वतः त्या नळकांड्याबाहेर हात, कोपर, गुडघा वा कंबर काढून संपर्क घडवला तर जबाबदारी त्याची. नियमात असेही म्हटले आहे की दोन पायांमधले अंतर खेळाडूच्या उंचीप्रमाणे बदलते. म्हणजे सहा फुटी मुलाचे नळकांडे साडेचार फुटी मुलाच्या नळकांड्याहून मोठे असणारच, आणि ते त्याला नियमाने मिळालेले आहे. सर्वांना एकाच मापाची जागा, असे हा नियम म्हणत नाही. ज्याच्या त्याच्या देहाची जागा पूर्णपणे ज्याची त्याला, असे तो म्हणतो.

हे आम्ही पुस्तकातून नंतर वाचले. त्याआधी ते आम्हांस खडूने शिकवले गेले होते.

आमच्या वेळी एक मुलगा सहाव्या इयत्तेत वसतिगृहात आला आणि आठवीपर्यंत सर्वांच्या वर निघून गेला. पलंगावर त्याचे पाय बाहेर येत. वर्गात तो पुढे बसला तर मागच्यांना फळा दिसत नसे, म्हणून तो आपण होऊनच शेवटच्या बाकावर जाऊन बसे. सामूहिक छायाचित्र काढताना छायाचित्रकार त्याला दर वेळी “थोडा वाक रे” म्हणे. वाकण्याची त्याला सवय झाली होती. दारातून जाताना वाके, बोलताना वाके, गरज नसतानाही वाके. बास्केटबॉलचे मैदान ही पहिली जागा, जिथे त्याला कोणी सरळ उभे राहण्यास सांगितले.

एका बाहेरगावच्या स्पर्धेत, पहिल्या पाच मिनिटांत, त्याच्यावर दोन फाऊल लागले. दोन्ही वेळी समोरचा चपळ, लहानखुरा खेळाडू ड्रिब्लिंग करीत थेट त्याच्या छातीवर आला होता, आणि दोन्ही वेळी हा दोन्ही हात वर करून जागच्या जागी उभा होता. तिसऱ्या वेळी तो बाजूला सरकला. चौथ्या वेळी त्याने हात पाठीमागे बांधले आणि समोरच्याने सहज बास्केट केली. मध्यंतरात तो आमच्या क्रीडाशिक्षकांजवळ गेला. तक्रार करण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. त्याने इतकेच विचारले, “सर, मी कुठं उभा राहू?”

त्या सामन्यात सरांनी त्याला काही उत्तर दिल्याचे आम्हांस आठवत नाही. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सायंकाळी त्यांनी सर्वांना मैदानावर बोलावले. त्या मुलाला रिंगखाली उभे केले आणि त्याच्या पायांभोवती खडूने एक वर्तुळ आखले. “हे तुझं,” ते म्हणाले, “आणि याच्यावर आभाळापर्यंत जे आहे तेही तुझं. यात कुणी आलं तर तो पाहुणा. यातून तुझं कोपर बाहेर गेलं तर तू पाहुणा.” मग संघातल्या सर्वांत लहान चणीच्या मुलाला बोलावून त्याच्याही भोवती एक वर्तुळ आखले. ते लहान होते. सर म्हणाले, “हे लहान आहे म्हणून कमी पक्कं नाही.”

त्यानंतर कित्येक महिने एक सराव चालला. दोन खेळाडू रिंगखाली एकास एक खेळत, बाकीचे सारे कडेला मांडी घालून बसत. संपर्क झाला की सर खेळ थांबवीत आणि बसलेल्यांपैकी एकाला विचारीत. “कोण पडलं ते मला दिसलं. धडकेच्या आधी कोण कुठं होतं, ते सांग.” उत्तर येत नसेल तर मूठ वर करायची नाही, हा दंडक होता. पंचाने फाऊलसाठी वर केलेली मूठ हा त्यांच्या लेखी एक आरोप होता, आणि जे पाहिले नाही त्याचा आरोप करायचा नसतो. आरंभी आम्हां कोणालाच काही सांगता येत नसे, कारण डोळे चेंडूमागे धावत. हळूहळू डोळे बचाव करणाऱ्याच्या पायांवर आणि धडावर ठरू लागले. आमच्यातले जे दोघे पुढे पंच झाले, त्यांस परीक्षेच्या वेळी हेच तत्त्व पुन्हा शिकवले गेले : आधी बचाव करणाऱ्याकडे पाहा.

पडणे हा पुरावा का होत नाही, हे विज्ञानाच्या तासाला शिकलेल्या न्यूटनच्या तिसऱ्या नियमातच आहे. सत्तर किलोचा मुलगा आणि पस्तीस किलोचा मुलगा आदळले, तर दोघांवर पडणारे बल सारखेच असते. परंतु हलक्या शरीराच्या वेगात होणारा बदल जड शरीराच्या दुप्पट असतो. म्हणून हलका मागे फेकला जातो आणि जड जवळजवळ हलत नाही. मोठ्याने धडक दिली तरी हेच होते, लहान येऊन धडकला तरी हेच होते. कोण पडले यावरून कोण हलके आहे एवढे कळते. दोष कोणाचा, हे त्यावरून कळत नाही.

मग शरीरातला फरक पंचाने मुळीच लक्षात घेऊ नये काय? तसेही नाही. नियमपुस्तकात पंचांस जी मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत, त्यांत नियमांचा हेतू ध्यानी घ्यावा, आणि ज्या किरकोळ स्पर्शाने एकाचा फायदा वा दुसऱ्याचा तोटा झालेला नाही त्यासाठी खेळ उगाच थांबवू नये, असे सांगितले आहे. खेळाडूंची क्षमता विचारात घ्यावी, असेही म्हटले आहे. आता कमरेला लागलेला तोच एक तळहात मोठ्या खेळाडूस जाणवतही नाही आणि लहान खेळाडूची उडी मात्र वाकडी करतो. स्पर्श एक, परिणाम दोन. पहिला सोडून देता येईल, दुसरा सोडता येणार नाही. येथे शरीराचा आकार खराच महत्त्वाचा ठरतो.

आम्हांस अनुभवांती असे वाटते की पंचाने मनाशी दोन प्रश्न विचारावेत आणि त्यांचा क्रम बदलू देऊ नये. पहिला प्रश्न : नियमाबाहेर कोण गेले? दुसरा : त्याने कोणाचे काय बिघडले? आकाराला दुसऱ्या प्रश्नात जागा आहे, पहिल्यात नाही. पहिल्याचे उत्तर “कोणीही नाही” असे असेल, तर मग कोणी कितीही जोरात पडो, उठून उभे राहण्यास त्याला हात द्यावा आणि खेळ पुढे चालू द्यावा. क्रम उलटला, आधी पडलेला दिसला आणि मग पाडणारा शोधला, की सापडतो तो बहुधा सर्वांत मोठा मुलगा.

रिबाउंडचे उदाहरण घेऊ. बोर्डावर आपटून चेंडू परत येतो. लहान खेळाडू पुढे आहे, उंच मागे. उंच उडी मारून चेंडू वरच्या वर घेतो आणि कडेने ओरडा होतो, “वरून घेतला, वरून घेतला!” वस्तुतः दुसऱ्याच्या डोक्यावरून चेंडू घेणे हा फाऊलच नाही. उंच असल्याचा तो न्याय्य लाभ आहे. चेंडू घेताना त्याने पुढच्याच्या पाठीवर छाती टेकून भार टाकला, तर मात्र तो फाऊल आहे. तसेच पुढच्याने जागा करण्यासाठी मागे रेटून उंच खेळाडूचे पाय उचलले, तर तोही फाऊल आहे. केवळ तो दिसत नाही, कारण उंच खेळाडू कोलमडत नाही. शॉट अडवतानाही हेच. हात सरळ वर असतील तर ते त्याच्या नळकांड्यात आहेत. ते पुढे कलून शूटरच्या हातांवर आले तर बाहेर गेले. दोन्हींत फरक काही अंशांचा असतो, आणि पंचाचे काम तो फरक पाहणे हेच होय.

मोठ्या खेळाडूवर होणारा अन्याय दुहेरी असतो, हे पालकांच्या लक्षात क्वचित येते. त्याने न केलेले त्याच्या नावावर लिहिले जाते, आणि त्याच्यावर झालेले लिहिले जात नाही. रिंगखाली त्याला पाठ लावून उभे राहिलेले दोन छोटे बचावपटू त्याचे मनगट धरतात, कमरेत गुडघा देतात, दंडाला लोंबकळतात. तो हलत नाही, म्हणून शिट्टी वाजत नाही. वारंवार हात लावीत राहणे हाही फाऊल आहे, कारण त्यातून पुढे दांडगाई वाढते, असे नियम स्पष्ट सांगतो. अमेरिकेतला सात फूट एक इंच उंचीचा शकील ओनील फ्री थ्रोमध्ये कच्चा होता. त्याचे कारकिर्दीतले यश सुमारे 53 टक्के. म्हणून प्रतिस्पर्धी त्याला मुद्दाम फाऊल करून फ्री थ्रोच्या रेषेवर धाडीत, आणि त्या डावपेचास त्याच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. शाळेतल्या मोठ्या मुलाला असे नाव मिळत नाही. तो गप्प राहतो, आणि एके दिवशी चिडून कोपर मारतो. ते कोपर मात्र सर्वांना दिसते.

लहान खेळाडूस पूर्ण संरक्षण जेथे द्यायलाच हवे, अशाही जागा आहेत. उडी मारलेल्या खेळाडूस, तो उडताना जी जागा मोकळी होती तेथे, सुखरूप उतरण्याचा हक्क आहे. त्याच्या खाली पाय वा अंग सरकवणे हा धोक्याचा फाऊल आहे. घोटे आणि गुडघे जातात ते येथेच. हा नियम दोघांनाही लागू आहे. उंचाच्या खाली लहान सरकला तरी, लहानाच्या खाली उंच सरकला तरी. तसेच धक्का लागला नसता पडल्याचे सोंग करणे हा तांत्रिक फाऊलास पात्र असा गुन्हा आहे. पडल्यावर शिट्टी हमखास वाजते हे एकदा कळले की लहान मुले पडायला शिकतात. तो दोष त्या मुलांहून अधिक त्या शिट्टीचा आहे.

पाहण्याची जागा हाही या न्यायाचाच भाग आहे. मोठे शरीर लहान शरीराला झाकते. पंच दोघांच्या सरळ रेषेत उभा असेल तर त्याला मोठ्याची पाठ दिसते, चापटीचा आवाज येतो, आणि लहान खाली पडलेला दिसतो. मधले काही दिसत नाही. ते मन भरून काढते. म्हणून पंचाने एक-दोन पावले बाजूला जाऊन दोघांमधली फट दिसेल असे उभे राहावे. त्या फटीतून उजेड दिसत असेल तर स्पर्श झालेला नाही. दोन पंचांपैकी एक रिंगजवळ आणि एक मागे असतो, तो एकाला न दिसलेली फट दुसऱ्याला दिसावी म्हणूनच. आमच्यातल्या पंच मित्राचे म्हणणे असे की निम्मा न्याय दोन पावलांत आहे.

लहान चणीच्या खेळाडूंना दयेची शिट्टी हवी असते, असे समजण्याचेही कारण नाही. आमच्या नंतरच्या काळात शाळेत मुलींचा संघ उभा राहिला. त्यात एक बारीक अंगाची, फार चपळ मुलगी होती. सरावाच्या सामन्यात ती एका धिप्पाड मुलीवर आदळून लांब जाऊन पडली. आमच्यातला एक जण त्या दिवशी पंच होता. त्याने मूठ वर केली नाही. कडेच्या मुली चिडल्या. ती मुलगी गुडघ्यावरची धूळ झटकीत उठली आणि त्यांना म्हणाली, “ती आधीच उभी होती गं. मीच उशिरा पोचले.” पुढच्या वेळी ती त्याच जागी आली, थांबली, उजवीकडे झुकली आणि डावीकडून निघून गेली. दयेची शिट्टी वाजली असती, तर ते वळण ती शिकली असती की नाही, कोण जाणे.

व्यावसायिक खेळातही असे लहान देहाचे थोर खेळाडू झाले आहेत. मग्सी बोग्ज हा केवळ पाच फूट तीन इंच उंचीचा खेळाडू अमेरिकेच्या एनबीए स्पर्धेत चौदा हंगाम खेळला. 1987-88 च्या हंगामात वॉशिंग्टनच्या संघात त्याच्यासोबत मनूट बोल होता, सात फूट सात इंचांचा. एकाच संघात, एकाच नियमपुस्तकाखाली, दोघांत दोन फूट चार इंचांचा फरक. फाऊलची व्याख्या दोघांसाठी एकच होती. बोग्जने आपले बुटकेपण चेंडू जमिनीलगत ठेवण्यासाठी आणि हातांखालून निसटण्यासाठी वापरले. बोलने आपली उंची शॉट अडवण्यासाठी वापरली. ज्याला जे मिळाले ते त्याला पुरते वापरू देणे, याहून खेळाने आणखी काय करावे?

आमच्या त्या उंच मित्राविषयी वाचकांस कुतूहल असेल. तो फार मोठा खेळाडू झाला नाही. शाळेच्या शेवटच्या वर्षी तो संघाचा कर्णधार होता, एवढेच. आज तो शासकीय नोकरीत आहे. गेल्या स्नेहसंमेलनात भेटला तेव्हा सभागृहाच्या दारातून आत येताना त्याने मान थोडी खाली केली, कारण ते दार खरेच ठेंगणे आहे. आत आल्यावर तो सरळ उभा राहिला. छायाचित्राच्या वेळी कोणीतरी सवयीने “वाक रे” म्हणाले. तो हसून मागच्या रांगेत, मध्यभागी, ताठ उभा राहिला. त्या छायाचित्रात सगळेच दिसतात.

पालकांस आमची एक विनंती आहे. आपला मुलगा वा मुलगी खेळत असता मैदानाच्या कडेने आपण जे ओरडतो, ते दोन्ही बाजूंच्या मुलांच्या कानांवर पडते. “केवढा तो!” हे शब्द ज्याच्याविषयी असतात तोही कोणाचे तरी लेकरू असते, आणि शरीर त्याने निवडलेले नसते. शिट्टी वाजण्याआधी मनाशी एवढे विचारून पाहावे : धडकेच्या आधी कोण कुठे होते? उत्तर माहीत नसेल तर मूठ वर करू नये. मैदानाबाहेरही हा दंडक आम्हांस बराच उपयोगी पडला आहे. वर्गात मारामारी झाली की आडदांड दिसणाऱ्या मुलाला पहिला उभा न करणे, आणि बँकेच्या खिडकीपाशी वाद झाला की मोठ्या आवाजाच्या माणसाला आधीच दोषी न धरणे, हे आमच्यातले दोघे रोज करतात.

शाळेच्या मैदानावर आता नवे सिमेंटचे कोर्ट होत असल्याचे कळते. रेषा यंत्राने आखल्या जातील, रिंगही नवी येईल. क्रीडाशिक्षकांच्या खोलीत खडूची एक पेटी मात्र असू द्यावी, एवढे आमचे मागणे. नव्याने आलेला एखादा मुलगा, फार उंच किंवा फार लहान, आपण कुठे उभे राहावे हे विचारीत येईल, तेव्हा ती लागेल.